घाबरणे : अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

११ नोव्हेंबर

कारखाना परवा सुरू झाला. भवानीनगरात आता चार महिने मळीचा वास आणि उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी. शाळेतून निवृत्त झाल्यानंतरचा हा तिसरा हंगाम.

सकाळी सु. अंगणात मिसरी लावता लावता मटकन खाली बसली. एक हात छातीवर, एक हौदाच्या कठड्यावर. मग नेहमीचा प्रयोग. बादलीभर गार पाण्यात तोंड बुडवायचं आणि श्वास कोंडून बसायचं. शेजारचे तात्या कंपाउंडवरून बघत होते. बायको बादलीत आणि नवरा पेपर वाचतोय. गल्लीला फुकट करमणूक.

वर आली तेव्हा केसांतून पाणी गळत होतं. म्हणाली, "लय घाबरतंय."

म्हटलं, "घाबरतंय नव्हे. भीती वाटते, असं म्हण. आणि कशाची वाटते तेही सांग. वाघ आलाय का दारात?"

अर्ध्या तासात उठून दळण निवडायला बसली. अर्ध्या तासात आपोआप जातं त्याला आजार म्हणत नाहीत, सवय म्हणतात. कारणं तीन, तिला ऐकवलेलीच. मिसरी, चहा, रिकामं डोकं. तिसरं मुख्य.

१५ नोव्हेंबर

यशूचा पुण्याहून फोन. लेक माझी, वकिली आईची.

"पप्पा, मम्मीला एकदा हार्टच्या डॉक्टरांना दाखवा."

"अकरा वर्षं गोळी चालू आहे. डॉक्टरांनीच लिहून दिलंय, भीतीचा आजार."

"मग बरं का होत नाही?"

"स्वभावाला औषध नसतं."

मग तिने जुनं उकरून काढलं. तिला बघायला पाहुणे आले होते तो दिवस. पाहुणे चहा घेत होते आणि ही बाई मोरीत बादलीत तोंड घालून. मुलाच्या बापाने विचारलं, काय झालं? काहीतरी सांगावंच लागतं. मी म्हटलं, तिला जरा मानसिक आहे. नकार आला तो मुलीच्या उंचीमुळे, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. पुढे यशूने स्वतःच जमवलं, चांगलं चाललंय. मग आता त्याचं काय?

फोन ठेवला तर सु. दारात उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे.

२३ नोव्हेंबर. बारामती, दवाखाना

अक्षर माझं वाटत नाही. सलाइनची सुई टोचलेल्या हातानेच लिहितोय.

काल इंदापूरला शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. शाल, श्रीफळ, भाषण. विषय अर्थात शुद्धलेखन. न आणि ण वर आलो होतो. छातीत एकदम काहीतरी सुटलं आणि थांबेचना. विहिरीतलं पाणी संपल्यावर मोटार कोरडी फिरते, तसं. नाडी धरली, मोजता येईना. दोन ठोके जवळ, एक लांब, तीन एकदम. माईक हातातून पडला.

पोरांनी उचललं. पोरं कसली, चाळिशीची माणसं. "सर, काय होतंय? सर?"

माझ्या तोंडून निघालं, "जीव घाबरतोय रे."

माझ्या आईचं वाक्य. पन्नास वर्षांत उच्चारलेलं नव्हतं. आणि भीती? भीती अजिबात वाटत नव्हती. भीती गाडीत बसल्यावर आली. ती वेगळी होती, तिची जागाही वेगळी होती.

इंदापूरच्या दवाखान्यात एक सिस्टर, असेल पंचवीसची. "घाबरतंय व्हय काका? पडा, पडा." अर्थ विचारला नाही. शर्टाची बटणं काढून तारा चिकटवल्या. दोन मिनिटांत कागद बाहेर. ठोके एकशे चौसष्ट, अनियमित. तिथून बारामती.

२५ नोव्हेंबर

सु. काल आली. खाटेजवळ उभी राहिली. वायरी बघितल्या, मॉनिटर बघितला, मग मला. म्हणाली, "भिऊ नका. वाघ न्हाय आला."

मग मोसंबी सोलायला घेतली. बियासुद्धा काढून दिल्या.

डॉ.बाई नीट बोलतात. कारणं सांगितली: बीपी, थायरॉइड, अपुरी झोप, दारू, वय. दारू नाही. थायरॉइड ठीक निघालं. "काही वेळा कारण सापडतही नाही, सर." मला राग आला. एवढं शिकून कारण सापडत नाही म्हणजे काय? सु. खिडकीपाशी बसून म्हणाली, "रिकामं डोस्कं."

मॅडमना ऐकू गेलं नाही. मला गेलं.

नाडी ८८. ठोके आता रांगेत.

१ डिसेंबर. घरी

गोळ्या चार. एक रक्त पातळ होण्याची. जन्मभर.

पहाटे जरा धडधडायला लागलं. तिला हाक मारली. सु. उठली, तांब्या पुढं केला. "पानी प्या आन् पडा. काय होत न्हाय."

"जरा नाडी बघ."

"मला कुटं येतंय? मी काय शिकलेली हाय व्हय." आणि कूस बदलली.

पाणी पी, पड, काही होत नाही: ही वाक्यं माझी आहेत, तिला म्हणायचो ती. जशीच्या तशी, फक्त उच्चार तिचे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे मी पोरांना दहा गुणांच्या निबंधात लिहायला लावत होतो. सेवा मात्र चोख. पथ्याचं, वेळेवर, गरम. एक शब्द जास्त नाही. शिक्षा कशी करायची ते तिला उत्तम येतं. चौतीस वर्षं माझ्याच वर्गात बसली आहे.

नाडी ८०.

६ डिसेंबर

सकाळी विहारात वंदना. पांढरा सदरा अंगाला सैल झालाय. आल्यावर कपाटातून सु.ची जुनी फाइल काढली.

पहिलाच कागद. अकरा वर्षांपूर्वीचा. तक्रार या रकान्यात डॉक्टरांच्या अक्षरात: फिअर, अँग्झायटी. खाली गोळी.

तो दिवस नीट आठवतो. आठवायला नको होता. डॉक्टर तरुण, बाहेरच्या राज्यातला, मराठी अर्धंमुर्धं. सु. म्हणाली, "लय घाबरतं मला, कवाबी." त्याने माझ्याकडे बघितलं. "मतलब?" मला तिच्या बोलण्याची लाज वाटली. घाईने म्हटलं, "म्हणजे तिला भीती वाटते. मुळात भित्रीच आहे." त्याने मान हलवली आणि लिहिलं. सु.ने माझ्या बाहीला हात लावला होता. मी तो झटकला.

जीव घाबरा होणे: कासावीस होणे, गुदमरणे. तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. परीक्षेत दोन गुणांना विचारलं. तिच्या तोंडातून आलं तेव्हा चुकीचं वाटलं, कारण ते तिच्या तोंडातून आलं.

लाज कुठली तेही लिहून टाकतो. पाचवीत असताना 'न्हाय' म्हणालो म्हणून एका मास्तरांनी विचारलं होतं, कुठल्या वस्तीतला रे तू? त्यांना माहीत होतं. वर्गालाही माहीत होतं. तरी मला मोठ्याने सांगायला लावलं. त्या दिवसापासून मी कधी न्हाय म्हणालो नाही. शुद्ध या शब्दाची मला खरं तर शिसारी यायला हवी होती. मी तो छातीवर बिल्ल्यासारखा लावला आणि घरी येऊन त्याच मास्तरांसारखा वागलो. विद्यार्थिनी एकच.

बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून ती आत गेली. फाइल मी बारामतीच्या पिशवीत घातली.

१३ डिसेंबर

बारामती, तपासणी. माझं ठीक. उठताना तिची फाइल टेबलावर ठेवली. "मॅडम, हिचंही बघा."

डॉ.बाई तिच्याकडे वळल्या. "काय होतं तुम्हाला, आई?"

सु. म्हणाली, "ह्यांला इचारा. माजं मराठी अशुद्ध हाय."

मॅडम हसल्या, त्यांना ती चेष्टा वाटली. मी म्हटलं, "हिला... घाबरतं." तिचं वाक्य पहिल्यांदा जसंच्या तसं.

"धडधड एकदम सुरू होते, की हळूहळू वाढते?"

सु.ने मग स्वतःच सांगितलं. "बटन दाबल्यागत. बंद बी तसंच."

"मानेत उडतं?"

"हितं. बेडकाच्या नरड्यागत."

"नंतर लघवीला जास्त जावं लागतं?"

सु. चमकली. "तुमाला कुनी सांगितलं?"

"आणि पाण्यात तोंड बुडवायचं कोणी शिकवलं?"

"कुनी न्हाय. भिगवनला माहेर माजं, उजनीच्या पान्याकडंला. ल्हानपनी असं झालं की बुडी मारायची, थांबायचं. तेरा-चौदाची आसंल मी तवा."

मॅडम म्हणाल्या, अगदी बरोबर उपाय आहे, आम्हीही हेच सांगतो. काही जणांच्या हृदयात जन्मापासून एक जादा वायर असते, करंट तिच्यातून गोल गोल फिरतो. भीतीचा याच्याशी संबंध नाही. पुण्यात मांडीतून बारीक तार घालून ती वायर जाळतात, बहुतेकांचं कायमचं थांबतं. मग इको केला. मॅडमचा चेहरा जरा बदलला. इतकी वर्षं धावून पंप थकायला लागलाय. अजून वेळ गेलेली नाही, पण घालवू नका. भीतीची गोळी एकदम बंद नाही करायची, हळूहळू उतरवू.

मात्र आधी ते कागदावर पकडायला हवं. धडधड नसताना काढलेला कागद स्वच्छ आहे. सुरू झालं की लगेच जवळच्या दवाखान्यात जाऊन ठोक्यांची पट्टी काढायची. भवानीनगरात मशीन आहे, गाडीने पाच मिनिटं. "सुरू झालं की यांना सांगायचं हं, आई."

सु.ने मान डोलावली. कोणाला डोलावली, मॅडमना की भिंतीला, कळलं नाही.

येताना गाडीत मी तिला म्हटलं, लहानपणापासून होतं, हे मला कधी सांगितलं नाहीस. म्हणाली, "सांगितलं हुतं. लग्नानंतर आटव्या दिशी. तुमी म्हनला हुता, हुतं न्हवं, होतं."

२० डिसेंबर

ठोके टिपणारं चोवीस तासांचं मशीन गळ्यात घालून झालं. त्या चोवीस तासांत काही नाही. मशीन काढून दिलं आणि तिसऱ्या दिवशी अंगणात बादली भरलेली दिसली, पदर ओला.

"झालं होतं का?"

"व्हय."

"हाक का नाही मारलीस?"

"सवय न्हाय."

मी व्हय दुरुस्त केलं नाही. तिच्या ते लक्षात आलं. तोंड वाकडं करून गेली.

नाडी ७८. माझी. तिची माझ्याकडे एकदाही लिहिलेली नाही.

२६ डिसेंबर

यशूने घड्याळ पाठवलं. मनगटावर घालायचं, धडधडलं की त्यावर बोट ठेवायचं, आलेख निघतो. फोनवर तासभर शिकवलं. सु.ने तिच्यासमोर घातलं, फोन ठेवल्यावर काढून ज्वारीच्या डब्यात टाकलं.

मी चिडलो. आवाज चढला. जिवाशी खेळ आहे हा, पोरखेळ नाही, असं बरंच. तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली:

"कागदावर आलं म्हंजी खरं. मी म्हनत हुते तवा खोटं. मग ऱ्हाऊ द्या की मला खोटीच. समद्या गल्लीला ठावं हाय मी येडी हाय. आता घड्याळाचं ऐकून तुमी मला शानी करनार व्हय?"

डबा उघडून मी घड्याळ काढलं, पुसून फळीवर ठेवलं.

२९ डिसेंबर

दोन दिवस वाक्य जुळवत होतो. दुपारी ती लसूण सोलत होती. समोर बसलो. "माझी चूक झाली, सुमन."

वर न बघता म्हणाली, "चूक. वाक्यात उपयोग करा."

माझ्या शिकवण्या याच पडवीत चालायच्या. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. आत स्वयंपाक करता करता तिने ऐकलं असणार, हजारदा.

"म्हणजे काय करू?"

"तात्यांला सांगा. यशूला बगाया आलेल्या पाव्हन्यांला सांगा. ज्यांला ज्यांला म्हनला हुता तिचं मानसिक हाय, त्यांला सांगा, डोस्कं बरं हुतं तिचं, मीच उलटं सांगितलं. मंग मी घालते घड्याळ. मंग म्हनाल तितं येते, पुन्याला बी."

रास्त मागणी. काही फार नाही मागितलं. पाहुणे आता कुठे सापडणार, पण तात्या कंपाउंडपलीकडेच आहेत. उद्या सांगतो म्हटलं.

४ जानेवारी

उद्या म्हणता म्हणता सहा दिवस. आज तात्या मिरच्यांना पाणी घालत होते. तात्या कारखान्यात पॅनवर, साखर शिजवायच्या भांड्यावर होते, साखरेचा दाणा नजरेने ओळखायचे. मी कंपाउंडपाशी गेलो. म्हटलं, "तात्या, सुमनचं हृदयाचं निघालं बरं का. जादा वायर आहे."

"आरं तिच्या. आन् सर, तुमी तर म्हनायचा, तिच्या डोक्याचं हाय म्हून."

आता एकच वाक्य बोलायचं होतं. ते पाठ होतं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "हो, पण तेव्हा डॉक्टरांनीच तसं लिहिलं होतं ना. बाहेरचा होता, त्याला आपलं मराठी कळलं नाही."

"व्हय, ह्या डागदर लोकांचं असंच असतंय," तात्या म्हणाले, आणि पाणी घालू लागले.

वळलो तर सु. हौदापाशी कपडे आपटत होती. थांबली नाही. तेवढंच जोरात आपटत राहिली. मी भित्रा आहे. फाइलवर नाव चुकलं.

५ जानेवारी

सु. बोलत नाही. चहा मिळाला.

८ जानेवारी

मॅडमचा फोन आला होता. पट्टी मिळाली का? नाही म्हटलं. म्हणाल्या, सर, तुम्ही शिक्षक आहात, जरा समजावून सांगा त्यांना.

तिचं नवीन धोरण कळलं. बोलते, पण माझ्याशी पुस्तकी. "जेवण तयार आहे." "दूध आणायचे आहे." यशूशी फोनवर पहिल्यासारखी, तात्यांच्या मंडळींशी पहिल्यासारखी. माझ्यासाठी वेगळी भाषा ठेवली आहे. आयुष्यभर मला हेच हवं होतं.

तात्यांकडे परत जायचं ठरवलं होतं. ते लेकीकडे माळेगावला गेलेत, चार दिवस. बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज वाटली.

११ जानेवारी

दुपारी साडेबारा. तिचा भाऊ सकाळी भिगवणहून चिलापी देऊन गेला. सु. ओट्याशी मासे साफ करत होती. खवले खरवडण्याचा आवाज थांबला म्हणून डोकावलो. पाठमोरी. दोन्ही हात ओट्यावर टेकलेले. कानाच्या खाली, मानेत, उडत होतं. दारातून दिसत होतं. बेडकाच्या नरड्यागत म्हणाली होती, अगदी तसं. बघायला गेलं असतं तर चौतीस वर्षं तिथंच दिसलं असतं.

गाडीची किल्ली घेतली. मशीन मोकळं आहे का, हे मी रोज सकाळी दवाखान्यात फोन करून विचारतो. आज मोकळं होतं. म्हटलं, "सुमन, होतंय ना? चल. पाच मिनिटं फक्त."

तिने मान वळवली. ओठ पांढरे. बघितलं माझ्याकडे, नीट, वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलीसारखं. म्हणाली:

"नाही. मला काहीही होत नाही."

न्हाय नव्हे. नाही. एकही अक्षर चुकलं नाही.

तिचा दंड धरला. तिने सोडवून घेतला आणि ओट्याला धरून उभी राहिली. पुन्हा विचारलं, तेच उत्तर, तसंच. मी तिला घाबरतंय का विचारलं. म्हणाली, "मला भीती वाटत नाही."

एकेचाळीस मिनिटं. दारात उभा राहून मी घड्याळात बघितली. मग मानेतलं उडायचं थांबलं आणि तिने पुढचा मासा घेतला.

दोन वाजता जेवलो. कालवण चांगलं झालं होतं. तिने मला दोनदा वाढलं, काटा बघून खा म्हणाली. गाडी अजून दारातच आहे, तोंड रस्त्याकडे करून.